सध्यापुरतं

"राहुटीत मला आई म्हणायचं न्हाई. सगळी म्हणत्यात तसं बाई म्हणायचं. कबूल असंल तर चल, नाहीतर ही समोरची गाडी पुण्याचीच हाय. बस तिच्यात."

नारायणगावच्या एसटी स्टँडवर, सकाळच्या उन्हात, डोक्यावरून पदर घेऊन आई हे बोलली. मला वाटलं होतं ती घ्यायला आलीय. ती अडवायला आली होती.

"किती दिवस बाई म्हणायचं?"

"सध्यापुरतं. तुझं लग्न लागूस्तवर."

"मी सहा वर्षांची होते तेव्हापण सध्यापुरतंच होतं."

"मग? मेलीस का त्यानं? शिकलीसच ना?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते स्टँडवर द्यायचं नव्हतं. "कबूल," म्हणाले, लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवली आणि तिच्या मागं चालू लागले. जरा अंतर ठेवून. तेही तिनंच सांगितलं होतं.

माझी आई म्हणजे अंजनाबाई वाघजाळीकर. तमाशाच्या फडाची मालकीण. तेव्हा तिनं नाचणं सोडलं होतं, पण वगात उभी राहिली की तंबू गप्प व्हायचा, असं लोक सांगायचे. लोकच सांगायचे. मी कधी बघितलं नव्हतं. मला तिनं सहाव्या वर्षी संगमनेरच्या वसतिगृहात टाकलं. दाखल्यावर बापाच्या जागी मामाचं नाव लावलं, खैरे. भेटायला यायची तेव्हा साधं पातळ नेसून यायची, केसांत फूल नाही, आणि पायांत मोजे. ऐन उन्हाळ्यात चपलेत मोजे. वॉर्डनबाईंना वाटायचं हिला साखरेचा आजार आहे. घुंगरांचे वळ असे झाकता येतात हे मला कितीतरी उशिरा कळलं.

मी वेबसाइट बनवते. इंजिनिअर नाही, तेव्हाही नव्हते, आणि ज्यांना त्याचं दुःख होतं त्यांना ते लखलाभ. वसतिगृहाच्या ऑफिसात एक संगणक होता, त्याच्यावर वॉर्डनबाईंची पत्रं टाइप करून देता देता शिकले. कुठलंही पान उघडायचं, उजवी टिचकी मारायची आणि त्याच्या मागचा कोड बघायचा. वेबवर हे मला पहिल्या दिवसापासून आवडलं. समोर कितीही रंगरंगोटी करा, मागचं ज्याला बघायचंय त्याला दिसतं. कॉलेजं करून आलेले लोक मला पुढं कंपनीत विचारायचे, तू हे कुठं शिकलीस? मी म्हणायचे, तुमच्यासारख्यांच्या चुका उघडून.

त्या वर्षी मी आईच्या फडाची वेबसाइट बनवली होती. तिनं मागितली नव्हती. मीच रंगनाथमामाच्या मागं लागून फोटो घेतले, वगाच्या फिती घेतल्या, कुठली तारीख मोकळी आणि कुठली गेली ते दिसायची सोय केली. पण मामाचा विश्वास खडूवर. तो राहुटीतल्या फळ्यावर तारखा लिहायचा, बाहीनं पुसायचा, परत लिहायचा, आणि माझ्या साइटवर वेगळंच काही दिसत राहायचं. दोन गावांना एकच रात्र मिळायची वेळ आली तेव्हा मी फोनवर सांगितलं, मी येते, हंगाम संपेपर्यंत शनिवार-रविवार तिथंच बसते. म्हणून ती स्टँडवर आली होती.

ज्यांनी राहुट्या बघितल्या नाहीत त्यांना सांगते. यात्रांचा हंगाम तोंडावर आला की नारायणगावात रस्त्याकडेला फडांचे तंबू पडतात. एका फडाची एक राहुटी. बाहेर नावाची पाटी, आत सतरंजी, गादी, पानाचं तबक आणि मालक. गावोगावच्या यात्रा कमिटीचे पंच येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, घासाघीस करतात, रुसतात, उठतात, परत येऊन बसतात. जमलं की सुपारी देतात. सुपारी दिली की त्या रात्रीचा खेळ त्या गावाचा. कागद नसला तरी चालतं. शब्द फिरवला तर मात्र पुढच्या साली राहुटीत माशी येत नाही.

आत गेल्यावर मामानं मला कोपऱ्यात एक लोखंडी खुर्ची दिली आणि पत्र्याची पेटी समोर ओढली, लॅपटॉपसाठी.

"बसा म्याडम," म्हणाला, आणि हळूच डोळा मारला.

"मामा, फळा पुसला की मला सांगायचं. लगेच."

"बाईंनी सांगितलं तर सांगीन, म्याडम. मी आपला बाईंचा नोकर."

आई गादीवरून म्हणाली, "रंगा, तोंड आवर."

सकाळभर पंच येत राहिले. मी खाली मान घालून तारखा बदलत राहिले. कुणी विचारलं तर आई म्हणायची, पुण्याच्या म्याडम हायेत, कॉम्प्युटरच्या. ती इतक्या सहज म्हणायची की एकदा मलाच क्षणभर खरं वाटलं.

आता संग्रामचं सांगायला हवं. संग्राम ढोबळे माझ्याच कंपनीत होता. डिग्रीवाला, पण बरा. आमचं लग्न करायचं ठरलं होतं, म्हणजे आमचं दोघांचं. माझी आई कोण हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. मी लपवून प्रेम करणाऱ्यांतली नाही. तो म्हणाला होता, "घरी मी बघतो. तू काही बोलू नको, माझ्या पद्धतीनं सांगतो." मी म्हणाले, सांग. त्याचे वडील कासारटेक गावचे, मोठे बागाईतदार. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांना मी एकदाच भेटले होते, संग्रामच्या चुलतबहिणीच्या लग्नात. पंगतीत वाढायला माणसं कमी पडली, मी पदर खोचून भाताची परात उचलली, तेवढ्यावर नाना खूश झाले होते.

तर दुपारी राहुटीचं कापड बाजूला सारून नाना आत आले.

मागं दोन पंच. नानांच्या अंगावर कडक पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात मोबाइल, आणि मोबाइलवर मी बनवलेली साइट. बसता बसता म्हणाले, "राम राम बाई. कासारटेकची कमिटी आलोय. आमच्या पोरांनी ह्या मोबाइलात तुमचा फड शोधून काढला. म्हणाली यंदा हाच पायजे, दुसरा आणला तर वर्गणी न्हाई." आणि मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

"अगं, सारिका! तू हितं कशी?"

मी उठून वाकून नमस्कार केला.

आईनं विचारलं, "वळख हाय व्हय पाटील?"

"अहो, आमच्या संग्रामच्या हापिसातली पोरगी ही."

आईनं संग्राम हे नाव माझ्याकडून ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तिनं फक्त पानाचं तबक नानांच्या पुढं जास्त सरकवलं, आणि सकाळपासून कुणाला न मिळालेला लोड त्यांच्या पाठीशी लावला.

"म्याडमना आम्ही पुण्याहून बोलावलंय," ती म्हणाली. "कामाला लई चोख हायेत."

"असणारच. हुशार, आणि तितकीच कष्टाची." नाना पंचांकडे वळले. "आईबाप न्हाईत बिचारीला. मामानं वाढवली."

मी आईकडं बघितलं. ती अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. कातरतच राहिली.

"आरारा," आई म्हणाली. "कधी वारले?"

"ल्हानपणीच. संग्राम सांगत होता. आई आधी गेली म्हणं."

"कशानं गेली हो?"

नाना माझ्याकडं बघायला लागले. "कशानं गं, पोरी?"

"मला कुणी सांगितलंच नाही," मी म्हणाले. "आत्ताच कळतंय."

मामा फळ्याकडं तोंड करून उभा राहिला. नानांना वाटलं, जखमेवर बोट ठेवलं. ते मऊ आवाजात म्हणाले, "जाऊ द्या, जाऊ द्या. आता आम्ही हाय की. बाई, तुम्हाला म्हणून सांगतो, हिला सून करून घ्यायचा विचार हाय माझा."

"करा की पाटील. लाखात एक पोर हाय." आईचा आवाज एकदम उजळला. मग जरा थांबून म्हणाली, "पण पोरीची आई न्हाई, तवा मीच विचारते. राग मानू नका. घर कसलं हाय तुमचं?"

नाना हसले. "स्लॅबचं. दुमजली. पाणी चोवीस तास."

"नोकरी सोडायला लावणार का?"

"छ्या! पुण्यातच राहतील की दोघं. सणावाराला आली म्हणजे झालं."

"सासू कशी हाय?"

"देवभोळी. कुणाला दुखावणार न्हाई."

"आणि पोरगा? दारूबिरू?"

"बाई, तुम्ही सुपारीचं बोलताय का सोयरीक करताय?" एक पंच हसत म्हणाला, आणि सगळे हसले. आईपण हसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं; हसताना येतं तसं तिनं ते पुसलं.

मला त्या मिनिटापर्यंत राग फक्त संग्रामचा होता. आईचा नव्हता. ती स्वतःच्या मरणाची चौकशी करून, स्वतःच्या लेकीचं स्थळ बघत होती आणि त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटलं, बघू दे. तिच्या मनासारखं एक काहीतरी होऊ दे.

मग खरंच सुपारीचं बोलणं निघालं.

माझी आई सुपारीचा भाव ठरवताना किती कडक आहे हे अख्ख्या नारायणगावाला माहीत होतं. बोली एकदा सांगितली की देव आला तरी खाली यायची नाही. सकाळीच एक कमिटी तिच्यापुढं रुसून उठून गेली होती आणि तासाभरानं तिच्याच आकड्यावर येऊन बसली होती. नानांनी तारीख सांगितली. मामानं आकडा सांगितला. नाना तोंड उघडणार, त्याच्या आत आई म्हणाली, "तुमच्यासाठी कमी करू, पाटील."

मामानं मान वळवली.

नाना म्हणाले, "किती कमी?"

आईनं आकडा सांगितला. पंच एकमेकांकडं बघायला लागले. त्यांनी मागायचं ठरवलं असेल त्याच्याही तो खाली होता. माणूस लालची असतो; एक पंच म्हणाला, "जरा आणखी बघा बाई, दुष्काळी गाव हाय." दुमजली स्लॅबचं दुष्काळी गाव. आई म्हणाली, "बरं, आणखी उतरते. घरचंच कार्य समजायचं." तिचे हात जोडलेले होते. सकाळपासून भाव करताना ते एकदाही जोडले गेले नव्हते. ती माझ्या लग्नाचा हुंडा देत होती, नवऱ्याच्या बापाला कळूही न देता, फडातल्या माणसांच्या पोटातून काढून.

मी लॅपटॉप मिटला.

"आई, एवढ्यात ट्रकचं डिझेलसुद्धा निघत नाही."

शेजारच्या राहुटीत कुणीतरी ढोलकीची शाई तपासत होतं, थाप-थाप, थांबून थाप. तेवढाच आवाज.

नाना म्हणाले, "काय म्हणालीस?"

"डिझेल निघत नाही म्हणाले. तीन ट्रक आहेत. माणसं आहेत, त्यांचं जेवण आहे, जनरेटर आहे."

"त्याच्या आधी काय म्हणालीस?"

"आई म्हणाले."

आई घाईघाईनं मधे पडली. "सवय असती हो पोरींना. मोठी बाई दिसली की आई म्हणत्यात. बिनआईची पोर—"

"कुणालाही म्हणत नाही मी," मी म्हणाले. "हिलाच म्हणते. ही माझी आई आहे, नाना. अंजनाबाई वाघजाळीकर. आणि तो फळ्याजवळ उभा आहे तो माझा मामा. तुम्हाला सांगितलं त्यातलं एवढंच खरं आहे की मला मामा आहे."

नानांनी टोपी काढली, परत घातली. मग शांतपणे मोबाइल काढला, संग्रामला लावला, आणि स्पीकर सुरू करून सतरंजीवर ठेवला. या माणसाबद्दल मला आजही एक आदर आहे: जे करायचं ते त्यांनी सगळ्यांच्या देखत केलं.

"बोला नाना."

"अरे, तुझी सासू वारली म्हणालास ना?"

"कोण? ... हां. म्हणजे, हो. का?"

"हितं माझ्यासमोर बसलीय. सुपारी कातरतीय."

फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज. मग संग्राम म्हणाला, "सारिका आहे का तिथं?"

"आहे," मी म्हणाले. "स्पीकरवर आहेस. बोल."

"तू तिथं कशाला गेलीस? आपलं ठरलं होतं ना, मी माझ्या पद्धतीनं—"

"ही तुझी पद्धत? तिला मारून टाकायची?"

"अगं, सध्यापुरतं होतं ते! नानांचा होकार येईपर्यंत. नंतर सांगणारच होतो सावकाश."

"नंतर म्हणजे कधी?"

"एकदा सगळं सेट झालं की."

आमच्या धंद्यातलं एक सत्य आहे, ते मी नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात सांगते. साइट घाईत चालू करायची असते, कुठंतरी काहीतरी मोडलेलं असतं, मग माणूस एक ठिगळ मारतो आणि शेजारी लिहून ठेवतो: सध्यापुरतं, नंतर काढणे. ते कुणी कधी काढत नाही. साइट त्या ठिगळावरच उभी राहते. पुढं त्याच्यावर आणखी चार गोष्टी बांधल्या जातात, आणि मग ज्यानं मारलं तोच सांगतो, आता हात लावू नका, सगळं पडेल. संग्रामला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. कंपनीतली निम्मी ठिगळं त्याची होती आणि ती मी उसवत बसायचे.

"संग्राम," मी म्हणाले, "लग्नात तिला कोण म्हणून बोलावणार होतास?"

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाळ झाल्यावर कोण म्हणून यायचं तिनं? कॉम्प्युटरवाल्या म्याडमची ओळखीची बाई?"

"तू आत्ता चिडलीयस. संध्याकाळी बोलू."

"नाही बोलायचं," मी म्हणाले. नानांनी फोन उचलून बंद केला. तो आता परदेशात असतो, दिवाळीला अजून मेसेज पाठवतो. मीही पाठवते. माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक अवघड गोष्ट नंतरवर टाकायचा.

मला वाटलं होतं नाना उठतील. ते उठले नाहीत. सतरंजीची सुरकुती हातानं सारखी केली, आणि मग आईला म्हणाले, "बाई, माझं पोरगं खोटं बोललं, ते मी बघून घेतो. पण पोरगी मला पसंत हाय. मी पुढारलेला माणूस हाय. कलेला नावं ठेवणार न्हाई. फक्त एक हाय. गावात राहायचं म्हणजे चार तोंडं असत्यात. पोरीनं लग्नानंतर हिकडं यायचं न्हाई, आणि तुम्ही तिकडं. सांगायचं ते जे सांगितलंय तेच राहू द्या. एवढं ठरलं तर माझा होकार हाय. आत्ता, हितं."

"कबूल," आई म्हणाली.

तिनं श्वाससुद्धा घेतला नाही मधे. "कबूल पाटील. देवाची आण. मी तुमच्या शिवेवर पाय ठेवणार न्हाई. तुमच्या गावची सुपारीबी घेणार न्हाई आयुष्यात. म्हणाल तर फड आजच—"

"मला नाही कबूल," मी म्हणाले.

"तू गप!"

"मला नाही कबूल, नाना. चैत्रात तुम्ही पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसणार आणि हिचा वग बघणार. मोठे माणूस आहात, शिट्टी मारणार नाही, पण बघणार. हिनं रडवलं तर उपरण्यानं डोळे पुसणार. आणि दुसऱ्या दिवशी हिनं तुमच्या दारासमोरून जायचं नाही. असलं पुढारलेपण मला झेपणार नाही. हिची मुलगी म्हणून नेणार असाल तर आत्ता बोला. नसाल तर सुपारीचं बोला, आणि भाव मामानं पहिला सांगितला तोच आहे."

दोन पंचांपैकी एकानं "आयला" म्हटलं, हळू, पण ऐकू आलं.

नाना उठले. मला अपेक्षा होती ओरडतील, चार शब्द सुनावतील, मग मलाही सुनावता येतील. त्यांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली, एखादी चांगली गाय बाजारात सोडून द्यावी लागली की शेतकरी हलवतो तशी. आईला म्हणाले, "सुपारीचं कमिटीत विचारून कळवतो." राहुटीत या वाक्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. कापड पडलं. मामा "चहा सांगतो" म्हणाला आणि बाहेर पळाला.

आई जागची हलली नाही. मग तिनं अडकित्ता तबकात आपटला.

"ऊठ. पुण्याची गाडी धर."

"नाही जाणार."

"घुंगरं कशापायी बांधली मी? गावोगावची वटवट कशापायी ऐकली? तू ह्या तंबूत येऊन बसावं म्हणून?"

"मी शिकावं म्हणून."

"मग शिकून काय केलंस? माझ्याच राहुटीत आलीस!"

"हो. फळ्यावरच्या तारखा चुकत होत्या."

"चेष्टा करतीस? पोरगं चांगलं होतं!"

"घाबरट होतं."

"घाबरट नवरा बरा असतो, सटवे. हात उचलत न्हाई." ती दमून लोडाला टेकली. आवाज खाली आला. "मला मेली म्हणाला, त्याचाच राग आला ना तुला? अगं, मी वगात कितीदा मेलीय. विष खाऊन मेलीय, तलवारीनं मेलीय. टाळ्या पडत्यात. आणखी एक येळ मेले असते तर काय झालं असतं? जित्ती राहून तरी तुझ्या काय उपयोगाची हाय मी?"

"मला माहीत नाही तू कशी मरतेस," मी म्हणाले.

"म्हंजे?"

"तू मला वग कधी बघू दिलास, आई? कासारटेकची माणसं बघणार होती. संगमनेरच्या वसतिगृहातल्या शिपायानं बघितलाय, तो मुलींना नक्कल करून दाखवायचा आणि मी बाकीच्यांबरोबर हसायचे. गावागावातल्या कुणाही पोरानं दहा रुपये टाकून तुला बघितलंय. मी साइटवर तुझ्या फिती चढवल्या ना, तेव्हा पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला. माइकवरचा. मला कळेचना हा कुणाचा आवाज आहे. मी मामाला फोन करून विचारलं."

 तिला बोलता येत नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. ती आयुष्यभर बोलण्याचंच खात होती. तिनं पदराचं टोक धरलं, सोडलं, परत धरलं. तिच्या पायांकडं माझं लक्ष गेलं. अनवाणी होती. राहुटीत ती मोजे घालत नसे. घोट्याभोवती कातडी काळी, जाड झाली होती, बैलाच्या खांद्याला होते तशी. मी बघतेय हे तिला दिसलं. तिनं पाय पदराखाली ओढले, आणि थोड्या वेळानं पुन्हा बाहेर सोडले.

बाहेर चपलांचा आवाज झाला. कापड वर झालं आणि दुसऱ्या कुठल्याशा गावचे पंच आत आले. पाच-सहा जण, उन्हानं लाल झालेले. पुढचा जाडजूड माणूस धपकन बसला, पान उचललं, आणि त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. वरून खाली गेली. परत वर आली.

"काय बाई," तो म्हणाला, "यंदा नवी पोरगी आणलीय वाटतं फडात? कोण ही?"

मी आईकडं बघितलं. याच नजरेपासून तिनं मला इतकी वर्षं लांब ठेवलं होतं.  म्याडम म्हणाली असती तरी त्या क्षणी मी तिला दोष दिला नसता.

तिनं अडकित्ता उचलला.

"माझी लेक हाय," आई म्हणाली. "नाचत न्हाई, भांडती. नीट बसा, आणि तारीख कुठली पायजे ते बोला."